कडता

बेचाळीस दिवस झाले,
चौऱ्याऐंशी सहाशे.
न्हाणीच्या दाराशी चौथ्या फरशीवर ठेवलेला काटा
(तिसरी हलते)
रोज पहाटे तोच आकडा दाखवतो
आणि विझतो.

चौऱ्याण्णववरून निघालो होतो.
पहिले नऊ किलो असे उतरले
जशी हमालांनी पोती उतरवावीत, बोलत बोलत.
मग कुणीतरी चाकाखाली दगड लावला.

लातूरच्या मार्केट यार्डात मी वजनकाट्यावर बसतो.
भरली गाडी, रिकामी गाडी,
वजाबाकी, पावती.
एकोणीस वर्षं.
दुपारी गाड्या नसल्या की मीच जाऊन उभा राहतो
तापलेल्या लोखंडावर.
तो दहा-दहा किलोंच्या ढांगा टाकतो,
मला ऐंशी म्हणतो.
साठ टन पेलणाऱ्याला
माझ्या वरच्या साडेचार किलोंची काय पत्रास?
इलाही हमाल सावलीतून ओरडतो,
"सायेब, पावती फाडू का?"

घरी वही आहे.
भाकरी एक, मध्यम: एकशे तीस.
येसराची आमटी, वाटीभर: अंदाजे.
'अंदाजे' हा शब्द कुशावर्ताला खपत नाही.
ती भाकरी तव्यावरून थेट काट्यावर टाकते,
वाफेसकट.
वाफेचंही वजन धरतेस का, विचारलं
तर म्हणाली, धरते. तुमच्याकडूनच शिकले.

पाच वाजता औसा रोड, जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर.
कुत्री आता भुंकत नाहीत,
नुसती एक डोळा उघडतात.

लेक फार्मसीला आहे, फोनवर म्हणाली,
"बाबा, याला पठार म्हणतात. सगळ्यांचंच येतं."
म्हटलं, बाई, आपण बालाघाटावर राहतो,
आपण जन्मलोच पठारावर,
मला उताराची वाट सांग.
मग तिनं समजेल असं सांगितलं:
"गाडी हलकी झाली ना?
हलक्या गाडीला डिझेल कमी लागतं.
तुम्ही अजून चौऱ्याण्णवचंच भरताय."

खरं होतं. अर्धी भाकरी कमी केली.
आठ दिवस झोपताना पोट बोलायचं,
मी ऐकून घ्यायचो.
चौऱ्याऐंशी सहाशे.

गुरुवारी औराद शहाजानीहून भुईमुगाची गाडी आली.
शेतकऱ्यानं रीतीप्रमाणे
खिडकीतून मूठभर दाणे पुढं केले.
वानगी.
मी फुंकर मारली, फोलपटं उडाली,
दाणे तोंडात.
इलाही बिडी विझवत म्हणाला, सहज, वाकड्यात न बोलता,
"पोत्यामागं आडत्याचा कडता आसतोच,
तुमचा येगळा धराय पायजे.
सकाळपासून ही सहावी मूठ."

सहावी.
आणि गुळाच्या आडतीतून आलेला खडा?
आणि काल? आणि बेचाळीस दिवस?
एकोणीस वर्षांत कुणाच्या मापात
पावशेराची चूक केली नाही मी.
वहीत मात्र
रोज स्वतःला कडता देत आलो,
आणि तो कुठल्याच रकान्यात नव्हता,
कारण ते जेवण नव्हतं,
ती तर नोकरी होती.

त्या रात्री लिहिलं:
वानगी, सात मुठी. गूळ, दोन खडे.
कुशावर्तानं वाचलं.
काही बोलली नाही.
एवढंच,
की दुसऱ्या दिवशी डब्यात भाकरी
पुन्हा अख्खी होती.

आता माल येतो, मी दाणे तळहातावर घेतो,
साल चोळतो, वास घेतो,
आणि पोत्यात परत सोडतो.
"खवट न्हाईत ओ," शेतकरी दुखावल्यासारखा म्हणतो,
"तोंडात टाकून बगा की."
एक दाणा टाकतो मग.
एक. वहीत: सहा.
बोटांना दिवसभर वास राहतो.
त्याची नोंद कुठं करायची,
अजून ठरलेलं नाही.

अकराव्या पहाटे:
चौऱ्याऐंशी चारशे.
काटा तिसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला.
परत चौथीवर ठेवला.
चौऱ्याऐंशी चारशे.
दोनशे ग्रॅम, म्हणजे
फार तर सहा-सात मुठी.

बूट घातले.
औसा रोडवर अजून अंधार होता.